कंट्रोलची गाय

मनकर्णाबाईची सही म्हणजे बघण्यासारखी गोष्ट. चिकलठाण्याच्या त्या गल्लीत तिच्या वयाच्या बाया अंगठा पुढं करायच्या; ही मात्र पेन मागून घ्यायची, पदर सावरायची आणि आपलं नाव काढून शेवटच्या कान्याला अशी शेपटी ओढायची की तलाठ्यानंही मान हलवावी. वाचायचं म्हणाल, तर त्या एका नावापलीकडं सगळं जग तिला कोरं होतं. पण हे कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं फक्त लेकीच्या इंद्रजीतला. सात वर्षांचा असताना त्यानं आजीच्या हातातला उलटा पेपर गुपचूप सुलटा करून दिला, आणि त्या दिवसापासून कुणाजवळ ब्र काढला नाही. म्हणून तो तिचा लाडका.

तोच इंद्रजीत जनावरांचा डॉक्टर झाला आणि गोचिडांवर संशोधन करू लागला. गोचीड चावून गाईला जो ताप येतो, त्यावर नवी लस निघाली होती. ती लागू पडते का, हे बघायला त्याला गाई हव्या होत्या. बाईनं संमतीच्या कागदावर शेपटीदार सही करून गोठ्यातल्या बाराच्या बारा दिल्या. वर शेजारच्या मुक्ताबाईलाही गळ घातली. मुक्ताबाईची एकच गाय, आणि घर तिच्याच दुधावर.

“आक्का, कागदात काय लिवलंय? तुमी वाचलंय नं?” मुक्ताबाईनं विचारलं.

“शबुद न् शबुद,” बाई म्हणाली. “माझा नातू हाय त्यो, कुनी फिरता एजंट नाय. कर अंगठा.”

इंद्रजीत शेजारीच उभा होता. तो नुसता कागदाकडं बघत राहिला.

मग चिठ्ठ्या टाकल्या. कुठल्या गाईच्या कानात पिवळा बिल्ला, कुठल्या निळा. सुई मात्र सगळ्यांनाच टोचली. निळा निघाला की इंद्रजीत वहीत लिहायचा आणि तोंडानं म्हणायचा, “कंट्रोल.” बाईच्या गाईंतल्या हरणीला निळा आला. मुक्ताबाईच्या गाईलाही निळाच.

“कंट्रोल म्हंजी? रेशनच्या दुकानावानी? सरकारी?”

इंद्रजीत हसला. “तसंच समज, आजी.”

बाई खूश. तांदूळ असो का लस, कंट्रोलचं ते हक्काचं. “नशीब काढलंस गं मुक्ते!”

दर मंगळवारी तो यायचा. कानामागं, शेपटीखाली, कासेला चिकटलेले गोचीड चिमट्यानं ओढून बाटलीत टाकायचा आणि आकडा लिहायचा. “लोक माळेचे मणी मोजत्यात, आमचं येडं गोचिडं मोजतंय,” असं बाई गल्लीला ऐकवायची. ऐकवताना छाती मात्र फुगलेली.

श्रावणात हरणीनं वैरण सोडली. अंग तव्यासारखं तापलं. एरवी बाईनं तासाभरात डॉक्टर आणला असता. पण लस टोचलेल्या गाईला कसला ताप? हवा बाधली असंल म्हणून तिनं गुळाचं पाणी पाजलं, पाठीवर ओलं पोतं टाकलं. दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडनं मुक्ताबाई म्हणाली, “आक्का, माझी बी तोंड लावंना.” त्यावर बाई म्हणाली, “हवाच तशी हाय. लस हाय की दोघींना.”

तिसऱ्या दिवशी हरणीची लघवी काळ्या चहासारखी झाली, तेव्हा बाईनं फोन केला. इंद्रजीत धावत आला. सुया टोचल्या, सलाईन लावलं. उशीर झाला होता. दुपारी हरणीनं मान टाकली.

बाई रडली नाही. “तुझी लस खोटी निघाली, लेका,” ती म्हणाली. “लिव तुझ्या वहीत.”

इंद्रजीत हरणीच्या कानाचं रक्त काचेवर घेत होता. मान वर न करता म्हणाला, “लस खोटी नाही, आजी. पिवळ्या बिल्ल्याची एकही आजारी नाही.”

“मंग ही?”

“हिला लस नव्हतीच. मिठाचं पाणी होतं. निम्म्यांना लस, निम्म्यांना पाणी, तेव्हाच फरक कळतो. त्यालाच कंट्रोल म्हणतात.”

“तू म्हन्लास सरकारी.”

“ते तू म्हणालीस. कागदावर सगळं लिहिलं होतं, साफ मराठीत. ताप दिसला की त्याच दिवशी कळवा, हेसुद्धा.”

बाई त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. “साऱ्या दुनियेत एकाच मानसाला ठावं व्हतं, मला वाचता येत नाय. त्योच कागद घिऊन आला.”

“चारचौघांत वाचून कसा दाखवणार होतो? तुझीच लाज राखली, आजी.”

“माझी लाज राखलीस, का तुझी वही भरलीस?”

त्यानं काच पेटीत ठेवली.

दुसऱ्या कुणी फसवलं असतं, तर बाईनं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पण आपल्याच माणसानं, आपलंच झाकलेलं हेरून फसवलं, तिथं शिवी आणायची कुठून? तिनं पायात चप्पल सरकवली आणि कुंपणाकडं निघाली.

इंद्रजीत औषधाची पेटी घेऊन मागं धावला. “मुक्ताबाईंची गाय वाचेल, आजी. मी बघतो. तू वाचलं नव्हतंस हे मी सांगणार नाही. कुणाला कळायचं नाही.”

“तू सुई टोच. बोलायचं ते मी बोलते.”

मुक्ताबाई गाईच्या तोंडाशी हिरवा घास धरून बसली होती. गाय तोंड फिरवत होती.

“मुक्ते, तुझ्या गाईला लस नाय. नुसतं पानी टोचलंय.”

“पर कागदात...”

“कागद मी वाचला न्हवता. मला वाचता येत नाय. नाव तेवढं काढता येतं.”

मुक्ताबाईनं घास खाली ठेवला. “आक्का, म्या डॉक्टरच्या भरवशावर अंगठा दिला न्हवता. तुमच्या दिला व्हता.”

बाईनं गाईचं दावं आखूड धरलं, मान आपल्या खांद्याशी दाबली आणि इंद्रजीतकडं वळली. त्यानं सुई भरायला घेतली होती.

“थांब. बाटलीवर काय लिवलंय ते आदी वाच. मोठ्यानं. आमा दोघींना ऐकू दे.”

इंद्रजीतनं बाटली उजेडात धरली आणि वाचायला लागला.