मावशीने केलेला मॅनेजर

माझं डोकं लवकर तापतं, मान्य आहे. पण सरकारी वेबसाइटवर रोज तेच वाक्य वाचून कुणाचं डोकं थंड राहील ते मला सांगा. 'अर्ज प्रक्रियेत आहे.' दात घासायच्या आधी बघतो, प्रक्रियेत. जेवून उठतो, तरी प्रक्रियेत. अरे, अर्जाचं काय लोणचं घातलंय का तुम्ही? आई म्हणायची, तो मोबाइल ठेव आणि आधी आंघोळ कर.

मी सुयोग, राहणार घाटकोपर, डोंगरावरची चाळ. आधी मुलुंडच्या एका डॉक्टरांची गाडी चालवायचो. ते मुलाकडे परदेशी गेले, गाडी विकली, मी रिकामा. टुरिस्ट गाडी चालवायची तर साधं लायसन चालत नाही, बॅज लागतो. आणि बॅज हवा तर पोलीस येऊन चौकशी करणार, हा माणूस इथेच राहतो ना, सरळ आहे ना.

आमच्या ओळखीच्या नंदकिशोर शेठनी नवीकोरी सात सीटर घेतली होती. म्हणाले, "सुयोग, तुझा हात चांगला आहे, गाडी तुलाच देतो. पण गणपतीच्या आधी बॅज आण. कोकणातली बुकिंग घेतलीयेत मी. नाही जमलं तर दुसरा ड्रायव्हर बसवतो, मग तोंड पाडू नकोस." मला ती गाडी हवी होती, म्हणजे हवीच होती. शेठच्या गल्लीतून जाताना मी उगाच तिच्या आरशावरची धूळ पुसायचो.

गणपती तोंडावर आले तरी बॅजचा पत्ता नाही. शेवटी आरटीओत गेलो. खिडकीतल्या मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "पोलिसांचा रिपोर्ट उलटा आलाय. तिकडे विचारा." उलटा म्हणजे? मी आयुष्यात सिग्नल तोडलेला नाही. तसाच तणतणत पोलीस चौकी गाठली.

तिथे भीमराज हवालदार बसले होते. माझं नाव ऐकलं आणि खुर्ची मागे सरकवून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"या मॅनेजरसाहेब. बोरिवलीला स्वतःचा फ्लॅट, कंपनीत मोठी पोस्ट, हाताखाली माणसं. मग बॅज कशाला पाहिजे रे तुला?"

"कोण मॅनेजर, साहेब? मी ड्रायव्हर आहे."

"तुझी शेजारीण तर म्हणाली ड्रायव्हर नाहीच. इथे राहत पण नाही, फक्त आईला भेटायला येतो. मला बसवून घावणे खायला घातले, वर चहा. एवढी वर्षं चौकश्या करतोय, पण घावणे कुणी घातले नव्हते."

घावणे म्हटल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शकुमावशी. आमच्या समोरच्या दाराची, मूळची कोकणातली. आई कामावर गेली की आमची किल्ली तिच्याकडे असते, आणि आमची सगळी अक्कल पण तिच्याकडेच असते असं तिला वाटतं.

आता आमच्याकडची पद्धत सांगतो. लग्नाचं बोलणं पुढे जायच्या आधी मुलीकडचे एखादा माणूस गुपचूप पाठवतात. तो स्वतःचं नाव सांगत नाही. शेजारपाजारी विचारतो, मुलगा कसा आहे, काय करतो, पितो का, घर कुणाचं. आणि शेजाऱ्यांनी काय करायचं? पोराला वर चढवायचं. भीमराज हवालदार आले ते साध्या शर्टात, आणि विचारलं नेमकं हेच. मावशीने जीव तोडून माझी वाट लावली.

घरी जाऊन मी तिच्यावर असा ओरडलो की अख्ख्या चाळीने टीव्हीचा आवाज कमी केला.

"माका वाटला स्थळावाले," मावशी म्हणाली. "मी काय वायट सांगलंय? चांगलाच सांगलंय ना तुझा?"

"बोरिवलीचा फ्लॅट कुठून आणलास?"

"मगे काय चाळ सांगू?"

हवालदार माणूस भला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, या वेळी वर्दीत. म्हणाला, जिने आधी सांगितलं तिनेच आता खरं सांगायचं. मी मावशीला दहा वेळा बजावलं होतं, फक्त खरं बोल, पदरचं काही घालू नकोस. ती दारात उभी राहिली, पदर घट्ट धरून.

"मुलगा इथेच राहतो?"

"हो."

"किती वर्षं?"

"जन्मापासून. माझ्याच हातात न्हालो तो."

"आणि काम काय करतो?"

मावशीने माझ्याकडे बघितलं, हवालदाराकडे बघितलं. मी मनात म्हटलं, बोल गं बाई, एक शब्द आहे. तिच्या तोंडून तो निघेना. मग एकदम हळू आवाजात तिने विचारलं, "साहेब, आदी तुमी सांगा. ड्रायव्हर लिवलात तर झिलाचा काय वायट होवचा नाय मां?"

झील, म्हणजे लेक, म्हणाली ती मला. दोन स्थळं माझं काम ऐकून चहा न घेता उठून गेली होती. मी हसून सोडून दिलं होतं, निदान तसं दाखवलं होतं. मावशीने सोडलं नव्हतं. कालचं ओरडणं आठवून मला स्वतःचीच लाज वाटली.

"मावशी," हवालदार म्हणाले, "ड्रायव्हर लिहिलं तरच त्याचं चांगलं होणार आहे."

"मगे लिवा," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरात लिवा."

बॅज गणपतीच्या आदल्या आठवड्यात आला. शेठनी चावी हातात ठेवली. मी गाडी चाळीच्या पायथ्याशी आणली आणि मावशीला खाली बोलावलं. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटला हळदकुंकू लावलं.

"आता स्थळावाले इले तर काय सांगू?" तिने विचारलं.

"खरं सांग. ड्रायव्हर."

तिने थोडा विचार केला. "नुसतो ड्रायव्हर नाय सांगूचंय," ती म्हणाली. "पोलिसांनी तपासलेलो ड्रायव्हर सांगतलंय."