शेठचं वजन

मास्तरांनी शेठचा गळपट्टा पुन्हा आत घेतला. जास्तीचं कापड कापलं नाही, दुमडून टाके घातले. शिंपी कापत नाही. अंगावर मांस कधी चढेल सांगता येत नाही. पण ह्या वेळी टाके घालताना त्यांना तशी आशा नव्हती.

शेठ म्हणजे घरातला बोका. पोट असं की बसला की गल्ल्यावर बसल्यासारखा दिसायचा, म्हणून मास्तरांच्या बायकोने ठेवलेलं नाव. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत संसार. संसार म्हणजे आता मास्तर आणि शेठ.

शेठला मधुमेह जडला तो ती असतानाच. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन टोचायचं काम तिचं. ती वाटी पुढे सरकवायची, मानेमागची कातडी चिमटीत धरून टोचायची. शेठ वाटीतून तोंड वर काढायचा नाही. ती गेली आणि ती सुई मास्तरांच्या हातात आली. तेव्हापासून शेठ वाळत चालला.

कारण शोधायला कोणी लांब गेलं नाही. शेजारीण म्हणाली, "मुकं जनावर, पण लळा कुठे जातो? झुरतंय बिचारं." कपडे शिवायला टाकणारी माणसंही तेच म्हणाली. मास्तरांना पटलं. खरं तर बरंच वाटलं. भेटायला आलेले सगळे आपापल्या कामाला लागले होते. तिच्यासाठी झिजणारं घरात आपल्याशिवाय आणखी कोणी आहे, एवढाच काय तो आधार होता. शेठच्या मानेमागचे केस चिकटलेले दिसायचे. अंग चाटायचंही सोडलं ह्याने, मास्तर मनात म्हणायचे. मी तरी कुठे रोज दाढी करतो.

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी कानाला टोचून रक्त तपासलं. साखर चढलेली.

"इंजेक्शन नीट देताय ना?"

"बाई, जन्म गेला माझा सुईत."

बाई हसल्या आणि डोस वाढवला. पुढच्या खेपेला आणखी वाढवला, पण हसल्या नाहीत. "असंच घटत राहिला तर उगाच हाल नकोत त्याचे. विचार करून ठेवा," म्हणाल्या. कसला विचार, ते मास्तरांनी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात मेहुणी राहायला आली. बहिणीचं कपाट आवरायचं राहिलं होतं. दारातच तिने शेठला पाहिलं.

"अगं बाई. शेठचं दिवाळं निघालंय की."

"झुरतोय तिच्यासाठी."

मेहुणीने पुसून घेतल्यासारख्या लख्ख वाटीकडे पाहिलं. "झुरणारा इतकं जेवतो होय, भावोजी?"

"मीही जेवतोच की."



दुसऱ्या दिवशी मास्तरांना अंथरुणातून उठवेना. ताप नव्हता, दुखत काही नव्हतं. नुसता कंटाळा हाडांत उतरला होता. "पडा तुम्ही, मी टोचते," मेहुणी म्हणाली. "सासूला टोचून टोचून हात बसलाय माझा."

दुपारी शेठ मशीनकडे जायला निघाला. मागचे पाय तो आधीच घोट्यांपर्यंत टेकून चालायचा, आता पुढचेही लटपटले. तो आडवा झाला. डोळे उघडे, नजर नाही.

मास्तर त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. पाठीवर हात ठेवला. निघाला तिच्यामागे, त्यांच्या मनात आलं. जाऊ दे. कोणाला किती धरून ठेवायचं.

"बसलात काय असे? फोन लावा त्या बाईंना."

मास्तर हलेनात, तेव्हा तिनेच लावला. साखरपाणी हिरड्यांना चोळा आणि तसेच निघा, बाई म्हणाल्या. मेहुणी रिक्षाभर बोट बुडवून चोळत राहिली. मास्तरांनी वाटी धरली होती.

दवाखान्यात सलाइन लागलं आणि काही वेळाने शेठने मान उचलली. डॉक्टरबाई मात्र कोड्यात पडल्या होत्या.

"डोस वाढवूनही परवा साखर आभाळाला भिडली होती, आज तळाला गेली. आज वेगळं काय केलंत?"

"आज मी टोचलं," मेहुणी म्हणाली.

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मग एक टॉवेल घडी करून टेबलावर ठेवला, सिरिंजमध्ये पाणी भरलं. "जरा करून दाखवा."

मास्तरांनी टॉवेल चिमटीत धरला, सुई घातली, दांडा दाबला. हात सफाईदार होता. पाणी चिमटीच्या पलीकडून टेबलावर ठिबकलं.

"भावोजी," मेहुणी हळूच म्हणाली, "हा तर टाका झाला."

एका बाजूने घातलेली सुई दुसऱ्या बाजूने काढायची, हे त्या बोटांना सांगावं लागत नव्हतं. मध्ये थांबायचं त्यांना माहीतच नव्हतं. औषध केसांत जात होतं. ते चिकटलेले केस.

"म्हणजे तो झुरत नव्हता?" मास्तरांनी विचारलं.

"झुरतात काही मांजरं," बाई म्हणाल्या. "पण हा खात होता आणि अंगी लागत नव्हतं, एवढंच. डोस पुन्हा कमी करू. बरा होईल."

मास्तरांनी मान हलवली. बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण घरी येताना रिक्षात मांडीवर शेठ असूनही त्यांना फार एकटं वाटलं.

मेहुणीने त्यांच्याकडून टॉवेलवर सराव करून घेतला. चिमटीची पलीकडची बाजू कोरडी राहायला लागली तेव्हाच ती गेली.

पुढे तिचा फोन आला तेव्हा मास्तर गळपट्ट्याचे टाके उसवत बसले होते. शेठ टाचा उचलून चालत वाटीपाशी गेला होता आणि ओरडत होता.

"सावरला का शेठ?"

"सावरला. गळपट्टा आवळायला लागलाय."

"आणि तुम्ही?"

"मला कुठे कोणी टोचतंय," मास्तर म्हणाले.

पलीकडे ती हसली. "कपाट तसंच राहिलंय," ती म्हणाली. "येते रविवारी."

"ये," मास्तर म्हणाले, आणि दातांत धरलेला दोरा काढून टाकून शेठला वाढायला उठले.