रिझर्व्हला लागलेली व्हॅन

मित्रांनो, मैंदर्गीच्या अलीकडे, जिथून माळावरच्या वस्तीकडे कच्चा रस्ता फुटतो, त्या फाट्यावर लिंबाखाली एक पांढरी व्हॅन उभी दिसेल. पांढरी म्हणजे एके काळची. आता तिच्या दारांच्या कडा गंजाने खाल्ल्या आहेत आणि मागच्या काचेवरचं नाव अर्धं उडून गेलं आहे. ती व्हॅन मी. मी फार काही पाहिलेलं नाही. अक्कलकोट, सोलापूर आणि मधला रस्ता, एवढंच माझं जग. पण त्या रस्त्यावर एका सकाळी जे घडलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या वेल्डिंगच्या ठिणग्या आणि रंगाचा उग्र वास तेवढा आठवतो. खरं आयुष्य सुरू झालं ते सोलापुरात, सिद्रामप्पा मला न्यायला आले त्या दिवशी. सोबत त्यांच्या पत्नी शिवबाई होत्या. त्यांनी माझ्या कपाळावर, म्हणजे काचेखालच्या पत्र्यावर, हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. सिद्रामप्पांनी मला आधी पंपावर नेलं आणि टाकी गळ्यापर्यंत भरली. मग अक्कलकोटला स्वामींच्या मठासमोर उभं केलं.

"टाकी भरलेली असली की मानूस निवांत झोपतंय," ते शिवबाईंना म्हणाले होते. त्या काळी माझा काटा कधी अर्ध्याखाली उतरला नाही.

सकाळी मैंदर्गीहून निघायचं, अक्कलकोटला माणसं उतरवायची, उरलेली सोलापूरला न्यायची आणि संध्याकाळी परत. गुरुवारी मठाची गर्दी. संक्रांतीला सोलापूरच्या गड्ड्याची जत्रा, तेव्हा माझ्यात पाय ठेवायला जागा नसे. येताना पोरांच्या हातात फुगे आणि भिरभिरी असत. कुणाच्या पोटात दुखलं, कुणाला कळा लागल्या, तरी माणसं आधी सिद्रामप्पांचं दार वाजवत. ते सदरा घालत घालतच बाहेर येत आणि मी पहिल्या किल्लीला सुरू होई.

माळावरच्या वस्तीत गुंडा आणि चिमाबाई मेंढरं राखून राहत. त्यांची मुलगी अपेक्षा पाचवीपासून माझ्यातून शाळेला जायची. ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा तिची. रस्त्यावरच्या मराठी पाट्या ती मोठ्याने वाचायची आणि कन्नड पाटी आली की सिद्रामप्पांना विचारायची. ते तिला "ओंदु, एरडु, मूरु" शिकवत आणि ती ते आकडे म्हणत म्हणत खळखळून हसे. तिच्यासाठी ते रोज मला कच्च्या रस्त्याने वस्तीच्या दारापर्यंत नेत. दगड-गोटे माझ्या पोटाला लागत, पण मला ती फेरी आवडायची. अपेक्षा दहावी झाली, बारावी झाली, अक्कलकोटच्या कॉलेजात जाऊ लागली. जागा मात्र तीच.

मग पेट्रोलचा भाव चढू लागला.

सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. भाव वाढला की लोक चार दिवस बोलत आणि गप्प होत. पण तो एकदा तीन आकड्यांत गेला आणि खाली यायचं नावच घेईना. मी रस्त्यावर बघत होते, मित्रांनो. माणसांच्या सवयी हळूहळू बदलत होत्या. पंपाच्या अलीकडे मोटरसायकली आडव्या करून हलवलेल्या दिसत. टाकीच्या कोपऱ्यातलं थेंबभर पेट्रोल नळीत यावं म्हणून ती धडपड. उतार आला की समोरून येणाऱ्या गाडीचा आवाज बंद व्हायचा. दिवे जळताहेत, चाकं फिरताहेत आणि इंजिन मुकं.

सिद्रामप्पांनी भाडं वाढवून पाहिलं. माणसं एसटीकडे वळली. त्यांनी भाडं पुन्हा खाली आणलं आणि बचत माझ्यातून काढायला सुरुवात केली. रेल्वे फाटकाशी किल्ली बंद. उतारावर गिअर काढून किल्ली बंद. टाकी भरणं तर विसरूनच गेले. पंपावर जाऊन "आजच्यापुरतं टाक" एवढंच म्हणत. काटा लाल रेघेवर टेकला, मी रिझर्व्हला लागले, तरी ते बिनघोर चालवत.

शिवबाई एकदा शेजारी बसल्या होत्या. त्यांनी काट्याकडे बोट दाखवलं. "अवो, हे तर संपलंय की."

"संपलंय म्हंजी न्हाय. वळसंगच्या पंपापतुर जाती ती. रोज जाती."

मी रोज जात होते, हे खरं. पण माझ्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ बसला होता. भरल्या टाकीत तो खाली निपचित पडून राही. आता पेट्रोल तळाशी आलं आणि प्रत्येक खड्ड्यासरशी तो ढवळून नळीच्या तोंडाशी येऊ लागला. मधेच माझा श्वास अडकायचा, एक आचका बसायचा. सिद्रामप्पा ॲक्सिलरेटर दाबत आणि पुढे जात.

एके दिवशी त्यांनी मला फाट्यावरच थांबवलं. अपेक्षा आणि चिमाबाई उतरल्या.

"पोरी, आता वस्तीपतुर यायला परवडत न्हाय बग," ते म्हणाले. "फाट्यापतुर चालत येत जा. कितीसं हाय?"

चिमाबाईंना ते रुचलं नाही. "आप्पा, कच्च्या रस्त्यानं लई लांब पडतंय. जवळची वाट तुरीतनं हाय. सकाळच्या पारी पायाखालचं काय बी दिसत न्हाय तितं."

"मी जाते गं आई," अपेक्षा म्हणाली. "मामांचं बी खरं हाय. पेट्रोल काय फुकट येतंय व्हय?"

त्या दिवसापासून ती तुरीतून यायची. पावसाळा सरत होता आणि तूर माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. मी फाट्यावर उभी असायची. आधी झाडांचे शेंडे हलायचे, मग तिची वेणी दिसायची. शेंडे हलायला उशीर झाला की माझा जीव खालीवर व्हायचा. का, ते मला सांगता येत नव्हतं.

त्या सकाळी शेंडे हलले आणि मधेच थांबले.

मग किंकाळी आली. सिद्रामप्पा गाडीतून उडी टाकून तुरीत शिरले. "एन आयतु? काय झालं गं?" त्यांचा आवाज शेतात घुमत राहिला. वस्तीकडून गुंडा आणि चिमाबाई धावत आले. थोड्या वेळाने दोघा पुरुषांनी अपेक्षाला उचलून आणलं. घोट्यावर दातांच्या खुणा होत्या आणि पाय बघता बघता सुजत होता.

"घोनस हुती," गुंडा म्हणाला. "म्या बगितली. गेली बांधाकडं."

सिद्रामप्पांनी मला अक्कलकोटपर्यंत असं पळवलं की माझे पत्रे खडखडले. दवाखान्यात लगेच सुई टोचली, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, विष अंगात बरंच भिनलं आहे, सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात लवकर पोचवा. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती, ती यायला वेळ होता.

"मी हाय की," सिद्रामप्पा म्हणाले. "वाट कशाला बगायची?"

बाहेर आल्यावर त्यांची नजर काट्यावर गेली. तो लाल रेघेच्या खाली होता. वाटेतल्या पंपावर मोटरसायकलींची रांग लागली होती. त्यांनी वेग कमी केला. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून अपेक्षा ओकत होती. ते पुटपुटले, "वळसंगपतुर जाती. रोज जाती," आणि त्यांनी मला पुढे काढलं.

मित्रांनो, रोज मी जायची ती उतारावर इंजिन बंद ठेवून, हळूहळू, प्रत्येक थेंब जपून. त्या दिवशी त्यांनी एकाही उतारावर किल्ली बंद केली नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला नाही. मी पेट्रोल घटाघटा पीत होते आणि माझ्याजवळ ते नव्हतं.

वळसंग अजून दिसतही नव्हतं. मला पहिला आचका बसला. मग दुसरा. मग माझा आवाज गेला आणि मी रस्त्याच्या कडेला जाऊन थांबले.

सिद्रामप्पांनी किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. खाली उतरून मला दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. गुंडाने मागून ढकललं. ऊन वर आलं होतं आणि दोन्ही बाजूंना रिकामं शिवार होतं. आतून चिमाबाई सारख्या एकच गोष्ट विचारत होत्या, "आप्पा, का थांबलाय? आप्पा, का थांबलाय?"

एक मोटरसायकलवाला थांबला. सगळं ऐकून तो ओशाळला. "मामा, माज्याच टाकीत वास राहिलाय नुसता. आत्ताच आडवी करून चालू केली." तरी तो पेट्रोल आणायला वळसंगच्या पंपाकडे पुढे गेला. त्याच्या मागून आलेल्या दुसऱ्याने नळी काढून पाण्याच्या बाटलीत थोडं पेट्रोल दिलं. सिद्रामप्पांनी ते घाईघाईने ओतताना निम्मं माझ्या पत्र्यावर सांडलं. किल्ली फिरली. मी खोकले. सगळा जीव एकवटून ओढायला गेले, पण नळीत गाळ बसला होता. आत काहीच येईना. सुरू होण्याची माझी किती इच्छा होती, ते कुणाला कळणार?

अपेक्षाच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं होतं.

गुंडा रस्त्याच्या मधोमध जाऊन हात पसरून उभा राहिला. अक्कलकोटहून येणाऱ्या एसटीने करकचून ब्रेक मारला. कंडक्टर ताई खाली उतरल्या, त्यांनी आत एकदा डोकावलं आणि मागे वळून ओरडल्या, "पुढची शीट मोकळी करा! आता गाडी कुटं बी थांबणार न्हाय, थेट दवाखाना!" लोकांनी अपेक्षाला हातोहात आत घेतलं. गुंडा चढला, चिमाबाई चढल्या. खिडकीतून चिमाबाईंनी सिद्रामप्पांकडे पाहिलं. एसटी गेली.

सिद्रामप्पा माझ्या पायरीवर बसून राहिले. थोड्या वेळाने तो पहिला मोटरसायकलवाला बाटली भरून परत आला. "कुटं गेली मानसं?" त्याने विचारलं. सिद्रामप्पांनी नुसता सोलापूरकडे हात केला.

अपेक्षा वाचली. पण घोणसीच्या विषाने तिची मूत्रपिंडं निकामी केली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर कदाचित एवढं झालं नसतं. त्या 'कदाचित'ने सिद्रामप्पांना पोखरलं. त्यांनी मला साफ करून आणलं, फाट्यावर उभं केलं आणि किल्ली शिवबाईंच्या हवाली केली. ते रोज लिंबाखाली येऊन बसत. कुणी भाडं विचारलं की मान हलवत.

तूर काढून झाली. शेत उघडं पडलं. एका दुपारी कच्च्या रस्त्याने चिमाबाई आणि अपेक्षा येताना दिसल्या. पोरगी ओळखू येत नव्हती. चेहरा सुजलेला, चाल म्हातारीसारखी. सिद्रामप्पा उठून उभे राहिले.

"मामा, उद्या सोलापूरला जायचं हाय," ती म्हणाली. "डायलिसिसला."

"येष्टी हाय की, पोरी." ते जमिनीकडे बघत होते.

"येताना लई गळून जाते मी. येष्टीत बसवत न्हाय."

"माज्या गाडीत बसतीस?"

तिने माझं दार ओढून उघडलं आणि ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी बसली. जरा दम घेतला. मग म्हणाली, "आता तरी वस्तीपतुर याल न्हवं?"

सिद्रामप्पा माझ्या मागच्या दाराशी गेले. त्यांनी माझ्या मागच्या सीटखालचा कॅन काढला आणि त्या उन्हात पंपाच्या दिशेने चालायला लागले. चिमाबाई त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या. त्यांनी सिद्रामप्पांना माफ केलं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

आता आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दिवशी मी वस्तीच्या दारापर्यंत जाते. माझी टाकी भरलेली असते. ती भरायला सिद्रामप्पा घरातलं काय काय मोडून विकतात, ते मी बघते. हे किती दिवस निभेल, मी जुनी गाडी किती टिकेन आणि अपेक्षा किती टिकेल, यातलं मला काहीच माहीत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर आज एकदा जाऊन तिचा काटा बघा. तळाला टेकला असेल तर घरच्या मोठ्यांना सांगा. ते म्हणतील, अजून पंपापर्यंत जाते, रोज जाते. तेव्हा त्यांना अपेक्षाचं नाव सांगा.