मागच्या सीटला सांगत जा

मला सीट दोन, हँडल दोन, पायडलं चार. तरी मी एकच जुनी सायकल आहे, मित्रांनो. बंदराच्या गेटासमोर भाड्याच्या सायकलींचं दुकान आहे, तिथे भिंतीला टेकून उभी असते.

मी कारखान्यातली नाही. दुकानवाल्या काकांनी दोन मोडक्या सायकली कापल्या, वेल्डिंग मारलं आणि मला बनवलं. काकूंसाठी. त्यांना एकटीला तोल जमायचा नाही. काका पुढे, काकू मागे. मागच्याला पुढच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही, म्हणून काका ओरडत जायचे, "खड्डा! डावीकडे! ब्रेक मारतोय!" लोक म्हणायचे, "आला बघा रेडिओ!"

काका वारले. काकू परत माझ्यावर बसल्या नाहीत, मला भाड्याने द्यायला लागल्या. मग शेजारी बॅटरीच्या स्कूटर आल्या आणि मला कुणी विचारेना. पोरं येतात, घंटी वाजवतात, पळतात. डोकं फिरतं माझं. बसायचं नाही तर हात कशाला लावता?

एकदा फिरायला निघालेल्या माणसांची मोठी बोट लागली, एका दिवसापुरती. काकू फोनवर भंगारवाल्याला म्हणाल्या, "आजही भाड्याने नाही गेली तर उद्या घेऊन जा." माझ्यासमोर!

दुपारी बोटीवरचं एक जोडपं आलं. साठीतलं. त्याला काळा चष्मा, हात तिच्या खांद्यावर.

"यांना आता नीट दिसत नाही," ती म्हणाली.

"सावल्या दिसतात. आंधळा नाही झालो अजून," तो खेकसला.

"मग द्या सावल्यांना धडका."

काकूंनी हसत मला बाहेर काढलं. "साहेब, तुम्ही मागे बसा. मागे दिसावं लागत नाही. आणि ताई, तुम्ही बोलत राहा हं. पुढचा गप्प बसला की मागचा पडतो."

जन्मभर स्टिअरिंग त्याच्या हातात होतं. तोंड वाकडं करून बसला.

ताईंनी मान डोलावली आणि विसरल्या. गोदामांच्या रस्त्यावर खड्डा आला. त्या गुपचूप डावीकडे वळल्या, तो उजवीकडे कलला. आम्ही तिघंही आडवी. माझं मडगार्ड चेपलं.

"तोंड आहे ना? सांगायला काय झालं?"

त्या गुडघा झटकत उठल्या. "तीस वर्षं गाडी तुम्ही चालवलीत. कुठे वळताय ते मला कधी सांगितलंत?"

माझं चाक तेवढं फिरत होतं. मला वाटलं, संपलं. आता ढकलत परत नेतील आणि उद्या भंगार.

त्याने चाचपडत माझी मागची सीट शोधली. "बस. आता सांग."

आणि त्या सुटल्या की! आधी नुसते खड्डे. मग, "निळं दार. पिंपावर मांजर, तुमच्यासारखं फुगून बसलंय. उजवीकडे जाळं शिवणारे आजोबा हात हलवतायत, तुम्हीपण हलवा." त्याने हलवला. आजोबा हसले, तेही ताईंनी सांगितलं.

"अहो, ऐकताय ते ठीक. पाय कुणी चालवायचे?"

धक्क्याच्या टोकाला त्यांनी एक संत्रं दोघांत खाल्लं. कसली घाई नव्हती.

"पाणी कसं आहे गं?"

"जवळ तेलकट. लांब हिरवं."

बोटीचा भोंगा वाजला तेव्हा परत आले. माझ्या सीटवर थाप मारून तो काकूंना म्हणाला, "सांभाळा हिला." सगळे असंच म्हणतात आणि बोटीत चढतात.

बोट सुटली. धक्का ओस पडला. काकूंनी मडगार्ड ठोकून सरळ केलं, मला स्टँडवर चढवलं. इकडेतिकडे बघितलं आणि मागच्या सीटवर बसल्या. इतक्या वर्षांनी. पायडल मारलं, चाक जागच्या जागी हवेत फिरलं. पुढे पाठ नव्हती. धक्का, पाणी, लांब जाणारी बोट, सगळं दिसत होतं त्यांना.

"अहो, पुढे काय आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

मला घंटी आहे, मित्रांनो. तोंड नाही.

सकाळी भंगारवाला आला. "पुढची बोट येऊ दे, मग बघू," काकू म्हणाल्या. ती कधी येणार, कुणास ठाऊक. मी भिंतीला टेकून उभी आहे.

तर मित्रांनो, जुन्या सायकलीच्या चेनला तेल घालत जा. उगाच घंटी वाजवून पळू नका. आणि कधी पुढे बसलात, तर मागच्याला सांगत जा. निळं दार, मांजर, सगळं. पुढची सीट रिकामी झाल्यावर मागचं माणूस विचारतच राहतं.