काठाला हात लावायचा नाही

पोर ओरडत असलं तर निवांत राहा, गप्प झालं की धाव घे, असं सासूबाईंनी मला माझा बारक्या रांगायला लागला तेव्हाच बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. त्यांच्या सूचना दिवसभर गळक्या नळासारख्या चालू असतात: ओल्या केसांनी झोपू नको, जिना उतरताना फोनवर बोलू नको, गॅसवर दूध ठेवून दाराशी गप्पा मारू नको. त्यात ही एक. शिवाय मी पडले काळजीखोर. बारक्या नुसता शिंकला तरी मी डॉक्टरला फोन लावते. ओरडणाऱ्या पोराकडे निवांत बघणारी आई मला अजून भेटायची आहे.

आमच्या वस्तीमागे पोहण्याचा सार्वजनिक तलाव आहे. एक मोठा, त्याला लागून पोरांचा गुडघाभर पाण्याचा, भोवती थोडं गवत आणि एक घसरगुंडी, जिच्या फाटक्या पत्र्यानं निम्म्या वस्तीच्या चड्ड्या फाडल्यात. मोठ्या तलावाचं पाणी आठवड्यातून एकदा तरी हिरवं होतं. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीला कडी नाही, त्यामुळे एकीनं बदलायचं आणि दुसरीनं पायानं दार रेटून धरायचं. या सगळ्यासाठी आम्ही रहिवाशांनी समिती काढली. वीज खात्यातून निवृत्त झालेले एक काका तिचे सेक्रेटरी झाले. त्यांना आता घरातही सेक्रेटरीच म्हणतात. मी शिकलेली, म्हणून सगळे अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं.

तलावावर रोज सकाळी एक माणूस आपल्या मुलीला घेऊन यायचा. गळ्यात स्टॉपवॉच, म्हणून तो घड्याळवाला. मुलगी दहाएक वर्षांची, केस बारीक कापलेले, पाण्यात अशी सळसळायची की बायकांनी तिचं नाव मासोळी ठेवलं. बापाचा एक नियम होता: काठाला हात लावायचा नाही. भिंतीला पाय टेकवायचा, वळायचं, परत निघायचं. दम लागून तिनं काठ धरला की तो येऊन तिच्या बोटांवर टाच ठेवायचा आणि वजन द्यायचा. चप्पल रबरी, त्यामुळे आवाज व्हायचा नाही. आवाज तिचा यायचा. "बाबा, एकच मिनिट! बाबा, एकच!" पंपाच्या घरघरीची जशी सवय होते, तशी आम्हाला त्या ओरडण्याची सवय झाली. तिची नखं काळीनिळी असायची. शॉवरखाली ती हात मुठीत झाकून उभी राहायची.

मी सेक्रेटरींना गाठलं.

"काका, तो तिच्या बोटांवर पाय देतो."

"तिनं कप आणला की नाही? आपल्या तलावाचं नाव पेपरात आलं की नाही?" ते म्हणाले. "गोडीगुलाबीनं कप येत नसतात, ताई."

"एखाद्या दिवशी मरेल ती."

"घ्या ना मग मीटिंगमध्ये. आयत्या वेळचे विषय, त्यात घालू."

लाइफगार्डला विचारलं, तर तो उंच खुर्चीवरूनच म्हणाला, "वहिनी, मी बुडणाऱ्याला काढतो. बाप काढायचं माझ्या ड्यूटीत नाही." आजूबाजूच्या बायका हसल्या. मलाही क्षणभर हसू आलं.

मग एका रविवारी पालिकेच्या कार्यालयातून इंजिनियर आले. तक्रारी जागेवरच ऐकतो म्हणाले, म्हणून तलावाच्या काठावर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. तलाव सगळ्यांना बंद होता, लाइफगार्डही आमच्यात येऊन बसला होता. पण घड्याळवाला आणि मासोळी आत होते, कारण पुढच्या आठवड्यात तिची स्पर्धा होती आणि सेक्रेटरींच्या मते ती काय, आपल्या घरचीच.

"कडी बसवायला किती खर्च येतो हो, साहेब?" एका बाईंनी विचारलं.

"खर्चाचा प्रश्न नाही, मॅडम. बजेटचं हेड कुठलं टाकायचं, हा प्रश्न आहे."

"आमचं टाका. दार धरून धरून तसंही कामातून गेलंय."

हशा पिकला. समोरून मासोळीच्या किंकाळ्या चालूच होत्या. घड्याळवाल्यानं भिंतीवरचा लांब आकडीचा बांबू काढला होता, बुडणाऱ्याला ओढायला ठेवलेला. तिनं काठ धरला की तो तिला त्यानं ढोसून लांब लोटत होता. इंजिनियरनी मान वळवली. "ते काय चाललंय?"

"आमची चॅम्पियन," सेक्रेटरी म्हणाले. "प्रॅक्टिस."

"वा," इंजिनियर म्हणाले.

माझी पाळी आली. पोरांच्या तलावातल्या पाणी जायच्या जाळीची धार वर आली होती, तो अर्ज मी बारक्याला कडेवर घेऊन, सासूबाईंच्या खुर्चीशेजारी उभी राहून वाचू लागले. दोन वाक्यं झाली आणि माझ्या लक्षात आलं की मला माझा आवाज फार स्वच्छ ऐकू येतोय.

मी वर पाहिलं. घड्याळवाला काठावर ताठ उभा होता. बांबू उभा पाण्यात, आकडी खाली कुठंतरी, आणि म्हातारा काठीवर रेलतो तसा तो त्यावर रेललेला. नजर दुसऱ्या हातातल्या घड्याळावर. बांबूभोवतीचं पाणी सपाट होतं. बुडबुडासुद्धा नव्हता.

बारक्याला मी सासूबाईंच्या अंगावर अक्षरशः टाकलं आणि पळाले. बांबू धरून ओढला. त्यानं माझ्याकडे न बघता कोपर मारलं. माझा ओठ दातांवर फाटला.

"आठ सेकंद राहिलेत," तो म्हणाला. रागानं नाही. रांगेत मध्ये घुसणाऱ्याला सांगावं, तसं.

मी त्याच्या मनगटाला चावले. रक्ताची चव आली, त्याची की माझी कोण जाणे. त्यानं बांबू उपसला आणि त्याचं बुड माझ्या खांद्याखाली हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मी आधी ऐकला, कळ नंतर आली. मी फरशीवर पडले, तेव्हा लाइफगार्ड माझ्या डोक्यावरून पाण्यात गेला.

त्यानं तिला वर काढलं तेव्हा तिचे ओठ जांभळे होते आणि मान ओल्या टॉवेलसारखी लोंबत होती. मानेला आकडीचा लाल वळ. त्यानं तिला कुशीवर वळवलं, पाठीत धपाटे घातले, तोंडाला तोंड लावून फुंकलं, छाती दाबली. छाती इतकी खोल दबत होती की मला वाटलं आता पिचणार. मग पाणी आलं, पिवळी उलटी आली, आणि ती ओरडली.

तोवर बाकी सगळे बसलेलेच होते. त्या ओरडण्यानं जणू खुर्च्याच उठल्या.

पहिली खुर्ची सेक्रेटरींनी घातली. ती घड्याळवाल्याच्या डोक्यात फुटली आणि तिचा तुटका पाय त्याच्या कानात घुसून कान वरून उसवत गेला. तो गुडघ्यावर आला. मग लाथा. कडी मागणाऱ्या बाई चपलेनं त्याच्या तोंडावर मारत होत्या. लाइफगार्डनं तोच बांबू उचलला आणि त्याच्या नडग्यांवर घातला, एकदा, पुन्हा, पुन्हा. कुणीतरी स्टॉपवॉचची दोरी मागून पिळली. त्याचे डोळे बाहेर आले. सेक्रेटरी प्रत्येक लाथेला ओरडत होते, "आमच्या तलावात! आमच्या तलावात!" रक्त फरशीच्या फटींतून वाहत पोरांच्या तलावात उतरलं आणि गुडघाभर पाणी गुलाबी झालं. इंजिनियर फाइल छातीशी धरून झाडामागे उभे होते. इतके दिवस रोज बघत बसलेली हीच माणसं. त्यांच्या तोंडावर काय होतं, ते मी जवळून पाहिलं. त्यांना बरं वाटत होतं.

"अरे, मरेल तो!" सासूबाई बारक्याचे डोळे झाकून ओरडत होत्या. "पोरीसमोर तरी नको रे!"

पोरीला मी एका हातानं धरून ठेवलं होतं. ती थरथरत होती. मला वाटलं, थंडीनं. मग तिनं माझा हात ओढला आणि मनगट कडकडून चावली, मी तिच्या बापाला चावले होते त्याच जागी. माझी पकड सुटली. ती फरशीवरून घसरत गेली आणि त्याच्या अंगावर आडवी पडली. खाली येणारी एक खुर्ची थांबली नाही. ती तिच्या पाठीत बसली. ती हूं की चूं करेना.

आता मात्र सगळे थांबले.

घड्याळवाला हळूहळू उठून बसला. तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोंडातलं रक्त थुंकला. "बघितलंत?" तो म्हणाला. "तिला कळतं."

पोलिस आले. हवालदार तिच्यापुढे उकिडवे बसले. "बाळा, बाबा मारतात का?"

"नाही. मी मधेच श्वास सोडते. सोडायचा नसतो."

त्यांनी तिच्या मानेकडे पाहिलं, बापाच्या लोंबत्या कानाकडे पाहिलं. मग उठून आमच्याकडे वळले. "याला कोणी कोणी मारलं?"

सगळे फरशीकडे बघू लागले.

तिथंच सौदा झाला. त्यानं आमची तक्रार करायची नाही, आम्ही त्याची करायची नाही. "माझं हाड मोडलंय, मी करणार," मी म्हणाले, तर सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं. 

"ताई, तुम्ही केलीत की तोही करणार. अख्खी समिती आत जाईल. लाइफगार्डची नोकरी जाईल. तुमचं चांगलं होईल का त्यात?"

"आणि तिचं?"

"बंदी घालतोय ना आपण त्याच्यावर! कायमची! पुन्हा पाऊल ठेवणार नाही तो इथं."

मी त्यांच्याशी भांडत असतानाच तो मुलीला घेऊन फाटकातून निघाला. लंगडत होता. हात तिच्या मानेवर, वळ होता तिथंच. ती त्याचा भार घेऊन चालत होती.

हॉस्पिटलमधून सुटल्यावर गळ्यात हात अडकवून मी चौकीत गेले आणि माझा जबाब दिला. आमच्या जिन्यात माझ्याशी आता कोणी बोलत नाही. लाइफगार्ड तेवढा स्वतःहून गेला आणि पाण्याखाली काय दिसलं ते सांगून आला. पण चौकीतले म्हणाले, त्याचा पत्ता आणा. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, रातोरात गेले, सामानसुद्धा निम्मंच नेलं. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला अजून कोणी मागितलेला नाही. माझे यजमान म्हणतात, तू केलंस तेवढं पुष्कळ झालं.  सासूबाई रोज मला विचारतात, "लागला का गं शोध?"

कडी बसली. जाळी बदलली. तलाव शांत असतो, इतका की मला तिथं बसवत नाही. इथं असताना ती निदान चार माणसांसमोर तरी बुडत होती. आम्ही तेही काढून घेतलं.

कप मिळवायचं वेड असलेला माणूस मुलीला पाण्याबाहेर ठेवणार नाही. तो कुठल्या तरी तलावावर येत असेल. म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या भागात तलाव असेल, शाळेचा, सोसायटीचा, कुणाचाही, तर सकाळी लवकर जाऊन या. माणसाचा उजवा कान वरून फाटलेला असेल. मुलगी दहा वर्षांची, फार सुंदर पोहते. ती दिसली तर त्याच्या अंगावर जाऊ नका, ती मध्ये पडेल. तुमच्या चौकीत कळवा, आमच्याकडे जबाब तयार आहेत म्हणावं. आणि कोणी येईपर्यंत तिच्यावरची नजर काढू नका. उद्याच जा. ती आहे का, एवढं बघून या.