टेलरबाईंवर रुसणारा लॅपटॉप

ताई दिवसा दातांच्या लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनवायची आणि उरलेल्या वेळात एका फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममधले दोष निस्तरणाऱ्यांची मोट बांधायची. ती सिस्टिम कुणा कंपनीची नव्हती. हौशी माणसं घरबसल्या ती घडवत, बिघडवत आणि पुन्हा दुरुस्त करत. पगार कुणालाच नाही, त्यामुळे हुकूम सोडायची सोयही नाही. गोड बोलायचं, आठवण करायची, कुणाचं बिनसलं तर समजूत काढायची. नवी आवृत्ती रविवारी बाहेर पडणार होती आणि त्याच आठवड्यात एक विचित्र तक्रार आली.

"चाचणीची प्रत टाकल्यापासून लॅपटॉप माझ्यावर रुसतो," कपडे शिवणाऱ्या एका बाईंनी लिहिलं होतं. "मी टाइप करायला बसले की स्क्रीन काळी. माझ्या नवऱ्याने हात लावला की सुतासारखा सरळ. जुन्या आवृत्तीत असं नव्हतं."

सुसाटने ती तक्रार तिथल्या तिथे बंद केली. सुसाट हे त्याचं गटातलं टोपणनाव, कामाच्या झपाट्यावरून पडलेलं. एरवी तो औषधांच्या दुकानात बसायचा. खाली त्याने शेरा मारला, "हा बग नाही, हा संसार आहे."

सगळे हसले. ताईही हसली. पण 'जुन्या आवृत्तीत असं नव्हतं' हे वाक्य तिला खड्यासारखं टोचत राहिलं. संसार काय आवृत्ती बघून बिघडतो? तिने तक्रार पुन्हा उघडली आणि शनिवारी सकाळी, लॅबमध्ये गर्दी नसताना, टेलरबाईंना आपल्या लॅपटॉपवरून व्हिडिओ कॉल लावला.

बाईंनी फोन कापडाच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवला. आधी त्यांचा नवरा लॅपटॉपसमोर बसला. त्याने भराभर चार ओळी लिहिल्या आणि कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला, "माझ्या हाताला गुणच आहे, ताई."

"उठा आता, गुणवान!" बाईंनी त्याला हाकललं. त्या बसल्या, डावा हात टेकवला, दोन शब्द लिहिले, आणि स्क्रीन काळी.

"अहो, तोच हात पुन्हा ठेवा बघू," ताई म्हणाली. "आणि मनगटावर काय बांधलंय?"

"हे होय? टाचण्यांचं." बाईंनी मनगट फोनसमोर धरलं. पट्ट्यावरच्या गोल चकतीवर टाचण्या साळिंदरासारख्या उभ्या होत्या. "शिवताना हाताशी लागतात. लोहचुंबक आहे आत."

ताई उठली. कवळी घट्ट बसावी म्हणून काही वेळा तिच्यात चिमुकली लोहचुंबकं घालतात; त्यांची डबी शेल्फवरच होती. तिने एक उचललं आणि आपल्याच लॅपटॉपच्या डाव्या कडेवरून हळूहळू फिरवलं. एका जागी येताच स्क्रीन गप्पकन विझली आणि कॉल तुटला. लॅबमध्ये ती एकटीच मोठ्याने हसली.

लॅपटॉपचं झाकण मिटलं की आतल्या लोहचुंबकामुळे मशीनला ते कळतं आणि ते झोपतं. बाईंच्या मनगटामुळे मशीनला वाटत होतं, झाकण लागलं. जुनी आवृत्ती झोपण्याआधी दोन-तीन क्षण थांबायची, तेवढ्यात बाईंचा हात हललेला असायचा. नव्या आवृत्तीतून ते थांबणं कुणीतरी काढून टाकलं होतं.

कुणी, हे शोधायला वेळ लागला नाही. सुसाटने.

"ताई, झाकण लावताक्षणी मशीन झोपतं म्हणून लोक खूश आहेत," तो फोनवर उसळला. "मनगटाला लोहचुंबक बांधून कोण टाइप करतं?"

"टेलर करतात."

"एका बाईसाठी सगळ्यांना थांबवायचं?"

"मी काहीच सांगत नाही. तू फक्त त्यांच्याशी बोल."

संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा आवाजच बदललेला होता. "त्या बाई लॅपटॉपवर ब्लाउजची मापं उतरवतात, मधेच टाचणी घेतात, पुन्हा लिहितात. मी तासभर बघतच बसलो. मग डोक्यात आलं, मशीनने किती वेळ थांबायचं, हा प्रश्नच चुकीचा. झाकण लागलंय असं वाटत असताना कळा दाबल्या जात असतील, तर ते झाकण नव्हेच! आत बोटं कशी जातील? कळा गप्प असतील तरच झोपायचं. वेगही राहतो."

"आणि नुसता हात टेकला तर?"

"तेवढ्यापुरतं क्षणभर थांबू या," तो जरा ओशाळून म्हणाला.

ऐन वेळी असला बदल घालणं म्हणजे विषाची परीक्षा. ताईने गटाला कारण सांगून आवृत्ती दोन दिवस पुढे ढकलली आणि म्हणाली, घरात सापडेल ते लोहचुंबक घ्या आणि आपापल्या लॅपटॉपवर फिरवा. मग काय! कुणी फ्रीजवरचं काढलं, कुणी मोडक्या स्पीकरमधलं. आपल्या लॅपटॉपची दुखरी जागा कुठे आहे, हे जो तो उत्साहाने कळवू लागला. एका शिक्षिकेने लिहिलं, "आमच्याकडे लॅपटॉप एकावर एक ठेवले की वरचा बंद पडायचा. मला वाटलं, जुना झाला." मग सुसाटची दुरुस्ती घालून पाहिल्यावर कुणाचंही मशीन नको तेव्हा झोपलं नाही, आणि झाकण लावल्यावर जागंही राहिलं नाही.

मंगळवारी आवृत्ती बाहेर पडली. टेलरबाईंचा निरोप आला, "आता माझ्याशीही नीट वागतो. नवऱ्याचा भाव उतरला."

बुधवारी सुसाटने ताईला विचारलं, "मी आजवर 'आमच्याकडे असं होत नाही' म्हणून बंद केलेल्या तक्रारी पुन्हा बघतोय. एक गृहस्थ म्हणतात, थंडी पडली की त्यांचा लॅपटॉप शिट्टी वाजवतो. यांना फोन लावू का?"

"लाव की," ताई म्हणाली. "आणि मलाही कॉलमध्ये घे."