दुसऱ्या परीक्षकाचा पॅड

मित्रांनो, मी एक जुना पॅड आहे. परीक्षेला जाताना मुले काखेत मारून नेतात ना, वर लोखंडी चिमटा असलेला, तोच. माझे दोन कोपरे झिजले आहेत, चिमट्याला गंज चढला आहे आणि पोटावर चहाच्या कपाचा एक गोल डाग आहे. पण मला म्हातारा म्हणून हिणवू नका. मी विद्वानांच्या एका परिषदेत मंचावर बसून आलो आहे आणि त्या सभागृहात बहुतेकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट मला ठाऊक होती.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. कपाटांच्या पाठीसाठी आणलेल्या तपकिरी हार्डबोर्डाचे तुकडे उरत, त्यांतून आम्ही भावंडे कापली जात असू. एक कामगार बाई आमच्या कडा काचकागदाने घासायच्या. मुलांच्या हातात कुसळ जाऊ नये म्हणून त्या बोट फिरवून पाहायच्या आणि मगच चिमटा ठोकायला पुढे सरकवायच्या. त्या बोटाचा स्पर्श हे माझे पहिले कौतुक.

मला एका मुलीच्या वडिलांनी विकत घेतले. ती शाळेच्या मोठ्या परीक्षेला बसणार होती. पहिल्या पेपरला ती इतकी घाबरली होती की तिने मला दोन्ही हातांनी धरून ठेवले आणि लिहायला सुरुवातच केली नाही. दहा मिनिटांनी तिचा हात चालू लागला. ती पास झाली, मोठी झाली आणि शहराला पाणी पुरवणाऱ्या खात्याच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागली. तिच्याबरोबर मीही नोकरीला लागलो. सगळे तिला ‘बाई’ म्हणत, म्हणून मीही तेच म्हणेन.

बावीस वर्षे आम्ही नळ हिंडलो! बाई पाण्याचे नमुने बाटल्यांत भरायच्या आणि माझ्यावर लावलेल्या कागदावर वेळ, जागा, नळ असे लिहायच्या. पाणी शुद्ध राहावे म्हणून त्यात क्लोरीन नावाचे औषध घालतात. ते शेवटच्या घरापर्यंत पोचते की नाही, हे पाहणे आमचे काम. नमुन्यात एक गोळी टाकली की पाणी गुलाबी होते. औषध भरपूर असेल तर रंग गडद, कमी असेल तर फिका. उन्हातान्हात, चिखलात, कुत्रे मागे लागलेले असतानाही आम्ही तो गुलाबी रंग पाहिला आहे.

मग प्रयोगशाळेत हातात धरायचे छोटे संगणक आले. नोंदी बोटाने होऊ लागल्या आणि माझी रवानगी घरी झाली. घरी मला काय काम मिळाले असेल? बादलीवरचे झाकण! एके काळी शहरभराच्या पाण्याचा हिशोब ठेवणारा मी, आता एका बादलीपुरता उरलो. खोटे कशाला बोलू, मला फार वाईट वाटले.

एके दिवशी बाईंनी मला बादलीवरून उचलले, पुसले आणि चिमट्यात एक पत्र लावले. पाणी या विषयावर दरवर्षी भरणाऱ्या एका परिषदेला स्वयंसेवक हवे होते. आलेले निबंध वाचून मत देणारे परीक्षक हवे होते आणि परिषदेच्या दिवशी एकेक सत्र चालवणारे लोकही. बाईंनी दोन्ही कामांसाठी नाव दिले.

“तिथे सगळे पदव्यांची माळ घातलेले येतात गं,” बाईंच्या सासूबाई म्हणाल्या. “तुला विचारणार कोण?”

“विचारलं नाही कुणी, आई. मीच सांगितलं, मी येते म्हणून.”

आठवड्याभरात एक निबंध आला. लिहिणाऱ्याचे नाव झाकलेले. परीक्षकाचे नावही लेखकाला कधी कळत नाही, तसा तिथला नियमच आहे. प्रत्येक निबंध दोघांकडे जातो. पहिले परीक्षक कुणी मोठे विद्वान होते आणि दुसऱ्या परीक्षक आमच्या बाई. निबंधात म्हटले होते की शहराच्या टोकाच्या साठ नळांपैकी जवळपास सगळ्या नळांत औषध पोचतच नाही, म्हणून सगळ्या शहराचे औषध दुप्पट करावे. भाषा छान, तक्ते नीटनेटके. मीसुद्धा भारावून गेलो होतो.

बाईंची पेन्सिल मात्र एका तक्त्यावर अडकली. नमुना घेतल्याची वेळ आठ आणि तपासल्याची वेळ बारा. बाटल्या पारदर्शक. बाई उठल्या, घरच्या नळाचे पाणी काचेच्या बाटलीत भरून त्यांनी उन्हाच्या खिडकीत ठेवले. आधी रंग चांगला गुलाबी आला होता. दुपारी त्याच पाण्यात गोळी टाकली, तर रंग जेमतेम दिसला. औषध नळात कमी नव्हतेच, ते बाटलीतून उडाले होते.

बाईंनी लिहिले, ‘मोजणी चुकली आहे. निबंध स्वीकारू नये.’ मग त्या पेन्सिल दातांत धरून बसल्या.

“काय लिहितेस एवढं?” सासूबाईंनी विचारले.

“सांगता येत नाही, आई. गुपित असतं.”

“मला पण?” सासूबाईंनी नाक मुरडले. “नको सांगूस. पण मी एवढी वर्षं पोरींना शिवण शिकवली. उसव म्हणायला काही लागत नाही. कुठून उसवायचं आणि पुन्हा कुठून टाका घालायचा, ते दाखवावं लागतं.”

बाईंनी पहिला कागद फाडला. नवीन कागदावर दोन पाने भरून लिहिले. तपासणी नळापाशीच उभे राहून करा, बाटली गडद रंगाची घ्या, पहाटे पाणी सुटल्यावर किती वेळाने नमुना घ्यावा, गोळी विरघळायला किती थांबावे, सगळे तपशीलवार. शेवटी लिहिले, ‘प्रश्न मोलाचा आहे, म्हणून उत्तर पक्के हवे.’

दोन दिवसांनी परिषदेच्या सचिवांचा फोन आला. बाईंनी तो स्पीकरवर ठेवून माझ्यावर टेकवला, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

“पहिल्या परीक्षकांनी तर निबंध डोक्यावर घेतलाय,” सचिव म्हणाले. “तुम्ही एकट्याच अडवताय. त्या माणसाला तीन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागेल, विचार केलाय ना?”

“केलाय, सर. मी बावीस वर्षं त्या बाटल्या वाहिल्यात.”

 “ठीक आहे, परत पाठवतो,” सचिव म्हणाले.

फोन ठेवला आणि बाईंच्या मनात भुंगा शिरला. आपण चुकलो असू तर? कुणाचे तरी तीन महिने आपल्या दोन पानांपायी वाया गेले तर? दुरुस्त केलेला निबंध परीक्षकांकडे परत येत नसे, सचिवच पाहत. कार्यक्रमपत्रिका हातात पडली, तेव्हा आपणच चालवायच्या सत्रात तो निबंध शेवटचा आहे, हे बाईंनी वाचले. खरे काय ते आता सगळ्यांसमोरच कळणार होते. त्या दिवसापासून बाईंची भूक निम्मी झाली.

परिषदेच्या सकाळी बाईंनी माझ्या पाठीवर एक पांढरा कागद चिकटवला आणि जाड अक्षरांत लिहिले, ‘वेळ संपली’. प्रत्येक वक्त्याला पंधरा मिनिटे. पंधरा झाली की बाई मला उचलून धरणार! बादलीचे झाकण थेट मंचावर. माझी छाती, म्हणजे जो काही हार्डबोर्ड आहे तो, अभिमानाने फुगली.

पहिले वक्ते एक नावाजलेले प्राध्यापक होते. त्यांना आजवर कुणी थांबवले नव्हते, म्हणून ते कधी थांबत नसत. पंधरा मिनिटे झाली, बाईंनी मला वर धरले. प्राध्यापकांनी कानाडोळा केला. बाई मला घेऊन उभ्याच राहिल्या.

“सर, वेळ संपली. बाकीचं प्रश्नोत्तरांत सांगा.”

पहिल्या रांगेत सचिवांचे धाबे दणाणले. प्राध्यापक चष्मा पुसत खाली बसले आणि त्यांनी आपले घड्याळ काढून मांडीवर ठेवले. पुढच्या प्रत्येकाच्या वेळेला ते त्यात पाहू लागले. दुसरे थांबले, तिसरे थांबले.

चौथी एक संशोधक मुलगी होती. तो निबंध तिचाच होता. बाईंनी माझी कड इतकी घट्ट धरली की त्यांची नखे मला रुतली.

“आधी मी म्हटलं होतं की सगळ्या शहराचं औषध कमी पडतंय,” मुलगी सांगू लागली. “मग एका परीक्षकांनी मला नळापाशी उभं राहून मोजायला सांगितलं. मी साठही नळांपाशी उभी राहिले. बावन्न नळ उत्तम निघाले. उरलेले आठ एकाच गल्लीतले. तिथे रस्ता खणला, तर खालचा पाइप फुटला होता आणि शेजारच्या गटाराचं पाणी आत झिरपत होतं. शहराचं औषध वाढवलं असतं, तर तो पाइप तसाच राहिला असता. तो आता बदललाय. गल्लीतली आजारी पडणारी मुलं शाळेत जातायत.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. मी त्यांच्या मांडीवर होतो, त्यांचा खोल श्वास मला कळला. मित्रांनो, इतका आनंद मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता, आणि तो त्यांना चेहऱ्यावर दाखवता येत नव्हता.

“आता शेवटचं,” मुलगी म्हणाली. “ते दुसरे परीक्षक कोण, बाई की पुरुष, मला माहीत नाही. पण ते इथे असतील, तर मला त्यांना सांगायचंय की...”

आणि पंधरा मिनिटे झाली.

प्राध्यापकांनी आपल्या घड्याळात पाहिले, मग बाईंकडे पाहिले. सगळे सभागृह कान टवकारून बसले होते. बावीस वर्षांत बाईंना कुणी शाबासकी दिली नव्हती. आज ती ओठांवर आली होती, फक्त एक मिनिट हवे होते. मला तर वाटले, मी मांडीवरून घसरून खाली पडावे. पण बाईंनी मला उचलले आणि वर धरले.

“अहो, बोलू द्या की तिला,” मागून कुणीतरी म्हणाले.

“वेळ संपली,” बाई म्हणाल्या. त्यांनी मला तसेच वर धरून ठेवले. प्राध्यापकांनी घड्याळ खिशात ठेवले आणि सर्वांत आधी टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

चहाच्या वेळी मुलगी बाईंना शोधत आली.

“मॅडम, एकच वाक्य राहिलं होतं माझं.”

“माहीत आहे गं. पण सरांना थांबवलं, मग तुला कशी सोडू?”

“मग तुम्हीच त्यांना निरोप द्याल? तुमच्या ओळखीचे असतील ते.” मुलगी घाईघाईने बोलू लागली. “आधी दोन दिवस मी त्यांच्यावर जाम चिडले होते. मग ती दोन पानं पुन्हा वाचली. त्यात नुसती चूक नव्हती, पुढे काय करायचं ते सगळं होतं. माझं लिहिलेलं इतक्या मनापासून कुणी वाचलं नव्हतं. एवढंच सांगायचं होतं.”

“सांगेन,” बाई म्हणाल्या. मुलीचा हात हातात घ्यायला त्यांनी भरलेला कप माझ्यावर टेकवला. माझ्या पोटावरचा डाग तो हाच.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या.

“काय झालं तुझ्या त्या गुपिताचं?”

“एक निरोप आलाय, आई. पण कुणाला, ते सांगता येत नाही.”

सासूबाईंनी बाईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले.

“नको सांगूस,” त्या म्हणाल्या. “पोचला ना, झालं तर.”

मित्रांनो, तुमच्या हाती कधी दुसऱ्याचे काम तपासायला आले, मग ते शेजारच्या बाकावरच्या मित्राचे गणित का असेना, तर ते शेवटपर्यंत वाचा. चूक दिसली तर लपवू नका आणि ती नीट कशी करायची तेही लिहा. आणि घरात माझ्यासारखा एखादा जुना पॅड असेल, तर त्याला बादलीवरून उचला आणि पुसून घ्या. पुढच्या वर्षीच्या परिषदेसाठी बाईंनी पुन्हा नाव दिले आहे. त्या मुलीनेही दिले आहे, परीक्षक म्हणून.